उत्तर आधी, रीडिंग नंतर

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कंपनीत ऑडिटचा मोसम होता, आणि खरं सांगायचं तर आळसही होता. आज लिहायला बसले त्याला कारण आमचे भाचेबुवा.

भाचेबुवा यंदा एफवायबीएस्सीला आहेत. परवा शनिवारी संध्याकाळी फिजिक्सचं जर्नल काखेत मारून आमच्याकडे प्राधिकरणात हजर झाले. (ताई, तू हे वाचशीलच. पुढचं वाचून त्याला रागावू नकोस. रागवायचंच तर मला रागव.) चहा झाला, चकल्या झाल्या, मग हळूच जर्नल उघडून म्हणाला, "मावशी, एक मदत हवी होती. सरांनी रिपीट दिलंय."

प्रयोग अगदी साधा. सिंपल पेंड्युलम. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, वीस झोके मोजायचे, वेळ लिहायची, आणि त्यावरून जी काढायचा, म्हणजे गुरुत्वत्वरण. त्याचं उत्तर आलं होतं ९.६५. त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि बाजूला शेरा, '९.८१ यायला हवे. रिपीट.' आता लॅब पुन्हा मिळणार नव्हती, बॅच बदलली होती आणि सबमिशन गुरुवारवर आलं होतं. त्याचा प्रश्न फार सरळ होता. कुठलं रीडिंग बदलू?

आणि मी काय केलं? पेन्सिल घेतली, उत्तरापासून उलटी आले, आणि दोन मिनिटांत सांगितलं, "प्रत्येक वेळेतून तीन दशांश कमी कर. चाळीस पॉइंट दोनच्या जागी एकोणचाळीस पॉइंट नऊ लिही. सगळीकडे सारखं नको, एखादं एकोणचाळीस पॉइंट आठ, एखादं चाळीस, म्हणजे खरं वाटतं."

म्हणजे खरं वाटतं! हे वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं. मी गेली बावीस वर्षं चाकणच्या बाजूला एका कारखान्यात स्टँडर्ड्स रूम सांभाळते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, स्लिप गेज हे सगळं खरं बोलतंय की नाही हे तपासणं हेच माझं पोट भरण्याचं काम. आणि तरी, तीस वर्षांपूर्वी शिकलेली ही विद्या बोटांत जशीच्या तशी शिल्लक होती. सायकल शिकल्यासारखी.

तुमच्यापैकी जे सायन्सला होते त्यांना हे सांगायला नकोच. जर्नल म्हणजे एका बाजूला रेघांचं पान, दुसऱ्या बाजूला कोरं. कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, रेघांच्या पानावर एम, अ‍ॅपरेटस, फॉर्म्युला, प्रोसीजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, प्रिकॉशन्स. पहिल्या पानावर सर्टिफिकेट, तिथे एचओडींची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. आमच्या वेळी पिंपरी-चिंचवडमधल्या मुलांचं जर्नल दोन ठिकाणी पूर्ण व्हायचं. एक कॉलेजच्या पायऱ्यांवर आणि दुसरं लोकलमध्ये, आकुर्डी ते शिवाजीनगर. सिनियरचं जर्नल ही वडिलोपार्जित इस्टेट असायची. आमच्या ग्रुपमध्ये जे फिरायचं ते तीन बॅच जुनं होतं, आणि त्यातली एक स्पेलिंगची चूक आम्ही सगळ्यांनी इमानदारीने उतरवली होती. कुणी पकडली नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं.

इंजिनिअरिंगवाल्यांची जीटी प्रसिद्ध आहे. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट आणि त्यावर आपली कोरी शीट ठेवून गिरवायचं, की झालं ड्रॉइंग. ग्लास ट्रेसिंग. आम्हा बीएस्सीवाल्यांना काचही लागत नव्हती.

यात काय एवढं, असं म्हणणारे भेटतील. मीही म्हणायचे. जर्नलमुळे निदान शिस्त लागते, तक्ता कसा आखावा, एकक कुठे लिहावं, आकृतीला नावं कशी द्यावीत, हे कळतं. ते खरंच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारखीला 'द बॉब वॉज सस्पेंडेड' असं कर्ता गायब केलेलं इंग्रजी लिहायची सवय जर्नलनेच लावली, आणि तिचा आजही रिपोर्ट लिहिताना उपयोग होतो. तक्रार लिहिण्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती कुठल्या क्रमाने लिहितो याबद्दल.

जर्नलच्या आधी एक रफ वही असते. तिच्यात लॅबमध्ये घाईघाईने लिहिलेले खरे आकडे असतात. खाडाखोड, पुसटलेली शाई, 'इथे धक्का लागला' अशी टीप. ही वही सर एकदा बघतात, किंवा बघत नाहीत, आणि मग ती रद्दीत जाते. सांभाळलं जातं ते फेअर. कारखान्यात नेमकं उलटं आहे. तिथे फेअर करणं हाच गुन्हा. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर दिसला तर ऑडिटर तिथेच थांबतो. औषधांच्या कारखान्यात तर याहून कडक. जे घडलं ते घडलं त्याच क्षणी लिहायचं, सुट्या कागदावर लिहून मग रजिस्टरमध्ये उतरवायचं नाही. म्हणजे तीन वर्षं आपण मुलांना रफ फेकून फेअर जपायला शिकवतो, आणि चौथ्या वर्षी नोकरीवर ठेवून म्हणतो, अरे, तू रफ का फेकलंस?

भाचेबुवा खूश होऊन गेले. मला मात्र रात्री झोप लागेना. गेल्या वर्षीचा एक मुलगा आठवत राहिला.

आमच्याकडे एका पार्टला एक भोक असतं, मापाच्या भाषेत बोअर. माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये राहायला हवं. दर तासाला एक पार्ट उचलून बोअर गेजने मोजायचा आणि शीटवर आकडा लिहायचा. त्या शिफ्टला एक ट्रेनी मुलगा होता. हुशार, नम्र, वेळेवर येणारा, अक्षर मोत्यासारखं. दुपारी मी सहज मशीनपाशी गेले तर शीट संध्याकाळी पाचपर्यंत भरलेली. वाजले होते पावणेदोन. आणि वर ज्या गेजचा नंबर लिहिला होता तो गेज सकाळपासून माझ्या टेबलावर होता, कॅलिब्रेशनला!

मशीनवरचा इन्सर्ट झिजला होता. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जाते. सकाळपासूनचे चारशेच्या वर पार्ट बिनमध्ये भरून गाडीवर चढले होते, ते गेटवरून उतरवले आणि रात्री एकपर्यंत आम्ही सहाजण एकेक मोजत बसलो. नशीब एवढंच की बोअर लहान निघाली. लहान असली तर परत मशीनवर लावून मोठी करता येते. मोठी झाली असती तर सगळं भंगार.

त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रोज तेवढंच येतं. उत्तर माहीत असल्यावर परत मोजून काय होणार?" तोही बीएस्सी फिजिक्स. नंतर अगदी सरळपणाने म्हणाला, की जर्नल पण असंच पूर्ण करायचो, पूर्ण कॉलेजच करायचं. त्याला फसवल्यासारखं वाटतच नव्हतं. त्याच्या दृष्टीने त्याने काम नीटनेटकं, वेळेआधी संपवलं होतं. दोन दिवसांनी त्याला काढलं.

त्याचा रिपोर्ट मी लिहिला. त्यात एक गोष्ट मी लिहिली नाही, ती इथे लिहिते. त्याच्या मागच्या दोन महिन्यांच्या शीट्स मी नंतर काढून पाहिल्या. सगळे आकडे २५.००९ ते २५.०११. तासन्‌तास, दिवसेंदिवस. जगातलं कुठलंही मशीन इतकं गुणी नसतं. सकाळी ते थंड असतं, दुपारी तापतं, टूल झिजतं, आकडे सरकतात. ते सरकलेले दिसावेत म्हणूनच तर दर तासाला मोजायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण प्रत्येक शीटच्या खाली 'चेक्ड बाय' समोर माझी सही होती. आकडे व्यवस्थित होते, अक्षर छान होतं, मी सही करत गेले. त्याला कुणीतरी जाब विचारला. मला कुणी विचारला नाही.

असो. तर रविवारी सकाळी मी भाचेबुवांना फोन केला आणि म्हटलं, कालचं सगळं खोड. रफ वही घेऊन ये, गोळाही घेऊन ये. गोळा कॉलेजचा, तो मिळाला नाही. मग माझ्याकडचा एक जुना पितळी गोळा काढला, गॅलरीतल्या हुकाला दोरा बांधला आणि बसलो दोघं मोजत. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. :)

पहिल्या दहा मिनिटांत त्याची चूक सापडली. पेंड्युलमची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. त्याने धरली होती दोरा जिथे गोळ्याला अडकतो तिथपर्यंत. म्हणजे गोळ्याची त्रिज्या राहून गेली. रफ वहीत गोळ्याचा व्यास लिहिलेला होता, २.४ सेंटिमीटर. त्याच्या ९८.८ मध्ये १.२ मिळवले की झाले बरोबर १००, आणि त्याचं ९.६५ होतं ९.७७. वेळेचा एकही आकडा न बदलता! शनिवारी मी त्याला जे आकडे बदलायला सांगितले होते, ते सगळेच्या सगळे बरोबर होते. आणि जे चुकलं होतं ते तसंच सजवून जर्नलमध्ये गेलं असतं, सहीसकट.

पण ९.७७ म्हणजे अजून ९.८१ नाहीच. त्याचा चेहरा पुन्हा पडला. आणि इथेच खरी गंमत आहे, जी मला स्वतःला बीएस्सी होऊनही कैक वर्षं माहीत नव्हती. आपल्याकडे ९.८१ येतच नाही!

पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे जी विषुववृत्ताकडे कमी आणि ध्रुवांकडे जास्त असतो. उंचीवर गेलं की आणखी थोडा कमी. पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. हिशोब केला तर इथला जी येतो ९.७८. प्रमाण म्हणून जो आकडा १९०१ साली ठरला तो ९.८०६६५, म्हणजे ४५ अक्षांशाच्या आसपासचा. आणि ९.८१ जिथे खरोखर मिळतो त्या गावांत लंडन येतं. म्हणजे आम्ही, आमचे सिनियर, त्यांचे सिनियर, सगळ्यांनी पुण्यात बसून लंडनचा जी काढला आणि दहापैकी नऊ मार्क मिळवले.

आता कुणी म्हणेल, ९.७८ आणि ९.८१ मधला फरक कॉलेजच्या स्टॉपवॉचला थोडाच दिसणार? वीस झोक्यांत नाहीच दिसत. एक मीटरच्या पेंड्युलमला वीस झोक्यांत तो फरक सेकंदाच्या विसाव्या भागाइतका पडतो, आपलं बोटच त्याहून उशिरा दाबलं जातं. पण शंभर झोके मोजले तर पाव सेकंदाच्या वर जातो. तेवढा दिसतो. फक्त झोका लहान ठेवायचा, मोजताना बोलायचं नाही, आणि लांबी मिलिमीटरपर्यंत नीट घ्यायची, कारण एक मिलिमीटर चुकला तरी उत्तर ०.०१ ने हलतं. लांबीचं काम मी केलं. तेवढं तर मला येतं!

तीनदा शंभर झोके. २००.८, २०१.०, २००.९ सेकंद. लांबी १००.० सेंटिमीटर. उत्तर ९.७८.

भाचा पाच मिनिटं त्या आकड्याकडे बघत बसला होता. नंतर म्हणाला, "म्हणजे हा आपल्या निगडीचा आहे?" तीस वर्षांत एखाद्या प्रयोगाबद्दल मला कुणी इतकं छान बोललेलं आठवत नाही.

याच देशात याच पेंड्युलमपायी एक माणूस गेला, हे मी त्याला जेवताना सांगितलं. ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा कॅप्टन बेसेव्ही. १८६५ पासून तो पेंड्युलम घेऊन दक्षिणेपासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी जी मोजत हिंडला. हिमालयाकडे आकडे पुस्तकाशी जुळेनात, इतका मोठा डोंगर असून ओढ हवी तेवढी भरेना. १८७१ च्या जुलैत लडाखमधल्या मोरे पठारावर, पंधरा हजार फुटांच्या वर, मोजणी चालू असताना थंडीने तो गेला. डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात, अशी एक कल्पना १८५५ मध्ये एअरीने मांडलेली होती. तिला या न जुळणाऱ्या आकड्यांनी बळ दिलं. बेसेव्हीला लाल शाईत 'रिपीट' म्हणणारं कुणी असतं तर?

आणि फार लांबचं कशाला. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनचा कारखाना आहे, आमची कंपनीची बस त्या भागातूनच जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने डिझेल गाड्यांच्या डिकीत उपकरणं ठेवून, गाड्या रस्त्यावर चालवत धूर मोजला. लॅबमध्ये पास होणाऱ्या एका गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड रस्त्यावर मर्यादेच्या पंधरा ते पस्तीस पट निघाले. अशा वेळी पहिला संशय येतो तो आपल्याच यंत्रावर. पण मोजून मोजूनही आकडा तोच आला, आणि त्यांनी तो तसाच छापला. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये कळलं की गाडीतलं सॉफ्टवेअर परीक्षा ओळखत होतं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागत होतं. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. आपल्याकडे एआरएआयने तपासणी केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात ३,२३,७०० गाड्या परत बोलवायचं कंपनीने जाहीर केलं. ते सॉफ्टवेअर म्हणजे आमचं जर्नलच की हो! उत्तर आधी ठरलेलं, रीडिंग नंतर.

शिक्षकांना शिव्या द्यायचा माझा बेत नाही. वीस मुलांची बॅच, चार मुलांत एक पेंड्युलम, दोन तास, आणि शिकवणारे बऱ्याचदा तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नाही. अशा माणसाने वीस वेगवेगळी उत्तरं घेऊन प्रत्येकाची चूक शोधत बसावं, ही अपेक्षा कागदावर छान दिसते. ९.८१ हा एकच आकडा तपासायला सोपा. मीही शीट्स तशाच तपासत होते, आणि माझी तर नोकरी कायम आहे.

पण म्हणून काहीच बदलू नये का? मला वाटतं रफ वहीच जर्नल म्हणून घ्यावी. खाडाखोडीसकट. सही लॅबमध्येच, त्याच दिवशी. फेअर करण्यात जाणारे तासन्‌तास वाचतील. दुसरं, उत्तराला मार्क नकोतच. उत्तर का आलं नाही, याचा शोध घेणाऱ्या चार ओळींना द्यावेत. आणि वर्षातून निदान एक प्रयोग असा असावा की ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नाही. अवघड काही लागत नाही. दोरा, गोळा आणि प्रत्येक मुलाची स्वतःची गॅलरी. देहूचा जी, लोणावळ्याचा जी, राजगुरुनगरचा जी. सगळे ९.७८ च्या आसपास आले तर छानच, एखादा आला नाही तर त्याहून छान.

तर, भाचेबुवांनी जर्नलमध्ये जुनं टेबल तसंच ठेवलं. ९.६५ वर आडवी रेघ, सही, तारीख. खाली एका ओळीत त्रिज्येची चूक. पुढच्या पानावर नवं टेबल, 'निगडी, मावशीची गॅलरी' असं ठिकाण टाकून. (मावशीची हा शब्द काढ म्हटलं, ऐकलं नाही.) रफ वहीचं पान मागे स्टेपल केलं.

गुरुवारी सबमिशन झालं. सरांनी म्हणे ते पान बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न लिहिता, सही न करता जर्नल बाजूला ठेवून दिलं. बाकीच्यांची त्याच दिवशी परत मिळाली. याचं अजून आलेलं नाही. ताईचा काल फोन होता, तुझ्या नादाने पोराची टर्म जाईल म्हणून.